तासाची सुरुवात १०८९ ने

बीजगणिताचा तास व्याख्येने सुरू केला की निम्मा वर्ग तिथेच गळतो. संख्येच्या जागी अक्षर कशाला, हा प्रश्न मुलांना पडायच्या आतच आपण उत्तर देऊन मोकळे होतो. पहिल्या पाच मिनिटांत तो प्रश्न पडायला हवा, आणि त्यासाठी १०८९ फार हुकमी आहे.

फळ्यावर १०८९ लिहून वर कागद चिकटवा. प्रत्येकाने तीन अंकी संख्या घ्यायची. पहिल्या आणि शेवटच्या अंकांत निदान २ चा फरक हवा. ती उलटी लिहायची, मोठीतून लहान वजा करायची, आलेलं उत्तर उलटं करून त्यातच मिळवायचं. ७३२ − २३७ = ४९५; ४९५ + ५९४ = १०८९. आता कागद काढा.

फरक १ चा असेल तर वजाबाकी ९९ येते आणि मुलं ९९ + ९९ करून १९८ वर पोचतात. तिथे ०९९ लिहायला सांगा. वह्या पाहताना एवढंच बघा: वजाबाकीत मधला अंक ९ आणि कडेच्या दोन अंकांची बेरीज ९. नसेल, तर हातचा चुकलाय.

लगेच कारण सांगू नका. कुणीतरी 'नेहमीच का?' विचारलं की अक्षरं आणा. अंक अ, ब, क, अ मोठा. एककात क मधून अ जात नाही, म्हणून दशकाकडून हातचा: १० + क − अ. दशकात ब चा ब − १ झाला, त्यातून ब जात नाही, पुन्हा हातचा: ९. म्हणजे ब कोणताही असो, तो इथे नाहीसा होतो! शतकात उरतं अ − १ − क. आता उलटं करून मिळवा: एकक ९, दशक १८, शतक ९. ९०० + १८० + ९ = १०८९.

यात मनकवडेपणा नाही, ९ च्या अंगी दैवी गुणही नाही. अंकज्योतिषवाले ९ चं कितीही कौतुक करोत, तो इथे येतो कारण आपण दहाच्या पटीत मोजतो. आठच्या पटीत मोजलं तर मधला अंक ७ येतो आणि उत्तर १०६७.

चार अंकी संख्येत, कडेचे अंक वेगळे असतील तर, तीनच उत्तरं निघतात: १०८९०, १०९८९ आणि ९९९९. कोणतं कधी, ते मधले दोन अंक ठरवतात. ही फोड मुलांवरच सोडा.