रोपवाटिकेत सागच का? जंगली झाडांच्या बियाण्यांची पार्श्वभूमी

उन्हाळ्यात नागपूरच्या आसपासच्या रोपवाटिकांत डोकावले, तर बहुतेक ठिकाणी सागाचे गादीवाफे आणि बांबूच्या पिशव्यांच्या रांगा दिसतात. मोह, चार (चारोळीचे झाड), बिजा, धावडा, तिवस यांची रोपे शोधावी लागतात. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथल्या जंगलांत ही झाडे पूर्वापार उभी आहेत आणि त्यातल्या मोह-चारावर माणसेही जगतात, अस्वलेही. तरी त्यांची रोपे कमी का, असे विचारले की उत्तर मिळते, 'त्यांचे बी रुजत नाही.' ते अर्धेच खरे आहे. सागाचे बीसुद्धा सहज रुजत नव्हते. लोक त्याच्या मागे लागले, कारण त्याला गिऱ्हाईक होते.

पहिले मोठे गिऱ्हाईक रेल्वे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर राजधानी झाले आणि १८६७ मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे इथे पोहोचली. रुळांखाली घालायला टिकाऊ लाकूड हवे होते आणि सागाला वाळवी सहसा लागत नाही. तोड इतकी वाढली की जंगल राखण्यासाठी खातेच उभारावे लागले. १८६४ मध्ये डायट्रिच ब्रँडिस देशाचे पहिले वन महानिरीक्षक झाले, १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला. पण राखण करून भागणार नव्हते, लागवडही करायची होती. मलबारात निलांबूरला कलेक्टर कोनोली यांनी १८४०च्या दशकात ती सुरू केली होती. तिथल्या सुरुवातीच्या पेरण्या बी न रुजल्याने वाया गेल्या. चातू मेनन यांच्या देखरेखीखाली पद्धत सुधारत गेली, तेव्हा कुठे सागाचे बन उभे राहिले.

अडचण काय होती, ते सागाचे फळ हातात घेतल्यावरच कळते. वर कागदासारखे फुगीर आवरण असते, चोळले की ते गळून पडते. त्याखाली तपकिरी, लवदार साल आणि तिच्या आत इतकी टणक कवची की दाताने फुटण्याचा प्रश्नच नाही. कवचीत चार कप्पे असतात, पण चारही भरलेले क्वचित. बहुधा एक किंवा दोन बिया, कधी एकही नाही. म्हणून वाफ्यावर टाकलेले प्रत्येक फळ रोप देईल, असा हिशेब करताच येत नाही. त्यातून जी रुजतात तीही एकदम रुजत नाहीत. काही पहिल्या पावसात, काही महिन्याने, काही थेट पुढच्या वर्षी. जंगलात याचा झाडाला फायदा होतो, कारण एखादा पावसाळा दगा देऊन गेला तरी सगळे बी एकदम संपत नाही. रोपवाटिकेला मात्र सगळी रोपे एका वयाची लागतात.

त्यावर जे उपाय निघाले, ते जंगलात घडणाऱ्या गोष्टींवरूनच. फळे पोत्यात भरून रात्री पाण्यात बुडवायची, दिवसा कडक उन्हात पसरायची आणि हे आठवडा-दोन आठवडे चालवायचे. काही ठिकाणी पाण्याऐवजी शेणकाला वापरतात, काही ठिकाणी खड्ड्यात मातीचे आणि फळांचे थर देऊन ते ओले ठेवतात. पुन्हापुन्हा फुगून आकसल्याने कवचीची झाकणे सैल होतात आणि सालीतली उगवण रोखणारी द्रव्ये धुऊन जातात. म्हणूनच ताज्या बियांपेक्षा एक उन्हाळा काढलेले बी बऱ्याचदा जास्त रुजते. एवढे करून निम्मी फळे रुजली तरी चांगले समजतात.

रोप झाल्यावर ते जंगलात न्यायचे कसे, हा पुढचा प्रश्न सागजडीने सोडवला. वाफ्यातले वर्षभराचे रोप उपटायचे, वरचा कोंब इंचभर ठेवून छाटायचा, सोटमूळ वीतभर ठेवायचे, बाजूची मुळे काढून टाकायची. अंगठ्याएवढ्या जाडीची ही जडी पोत्यात बांधून नेता येते आणि पहिल्या पावसात पहारीने भोक पाडून लावता येते. इतकी सुटसुटीत लागवड दुसऱ्या फार थोड्या झाडांना साधते. आलापल्लीच्या सागाचे नाव देशभर गेले, तसा विदर्भातल्या लागवडीचा सगळा साचा सागाभोवती बसला.

दुसऱ्या झाडांकडे कोणी पाहिलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. देहरादूनला १९०६ मध्ये वन संशोधन संस्था सुरू झाली आणि तिथे काम केलेल्या आर. एस. ट्रूप यांनी १९२१ मध्ये तीन खंडांत शेकडो भारतीय झाडांची रुजवण आणि वाढ नोंदवून ठेवली. गावांकडेही ज्ञान होते. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना घालायच्या आणि रवंथ करताना त्यांनी टाकलेले किंवा लेंड्यांतून पडलेले बी वाड्यातून वेचून पेरायचे, ही जुनी रीत आहे. पोटातल्या रसाने टणक साल मऊ होते. उकळते पाणी ओतून बी रात्रभर त्यातच निवत ठेवण्याचा रोपवाटिकेतला उपायही तेच काम करतो.

मोहाची गोष्ट याच्या अगदी उलट. त्याच्या बियांना कवचाची अडचण नाही, त्यांना वेळ नसतो. १९७३ मध्ये ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने बियांचे दोन गट मांडले. एका गटातले बी वाळवून थंड जागी ठेवले की वर्षानुवर्षे टिकते, दुसऱ्या गटातले वाळवले की मरते. बाभूळ पहिल्या गटातली, मोह आणि सालवृक्ष दुसऱ्या गटातले. मोहाचे फळ जून-जुलैत पिकते आणि बी काही आठवड्यांत निकामी होते. आमच्याकडे पिशव्या भरून पेरणी होते ती उन्हाळ्याआधी, जुलैच्या लागवडीसाठी. म्हणजे मोहाचे बी हाती येते तेव्हा मजूर लागवडीवर गेलेले असतात, आणि पुढचा हंगाम येईपर्यंत गोदामातले बी मेलेले असते. मग शेरा पडतो, 'उगवण नाही.' माझ्या मते या एका गोष्टीने मोहाचे जेवढे नुकसान केले, तेवढे बियांच्या कोणत्याही दोषाने केलेले नाही.

चारोळीचे दुखणे बाजारातले आहे. चाराची कवची टणक असते, पण हलक्या हाताने फोडली तर आतले बी बऱ्यापैकी रुजते. मात्र चारोळीला भाव इतका, की दुसऱ्या कोणी तोडायच्या आत फळे हिरवीच उतरवली जातात, कधी फांद्यांसकट. कच्च्या फळातले बी अपुरे असते, त्याला कोणतीही प्रक्रिया केली तरी उपयोग नाही. धावड्याचे आणखी वेगळे. त्याला बी भरपूर लागते, पण त्यातले बहुतेक पोकळ असते. रोपे हवी असतील तर बी भरमसाट पेरावे लागते.

१९७४ मध्ये नागपुरात मुख्यालय असलेले वन विकास महामंडळ स्थापन झाले आणि मिश्र जंगल तोडून त्या जागी साग लावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. त्यात बी देणारी मोठी झाडेच गेली. १९८०च्या दशकातल्या सामाजिक वनीकरणात निलगिरी आणि सुबाभूळ पुढे आले, दोन्ही बियांपासून झटपट होणारे. शिवाय १९६६च्या बियाणे कायद्यात पिकांचे बियाणे आहे, जंगली झाडांचे नाही. कापसाच्या पाकिटावर उगवणीचा टक्का छापावा लागतो. बिजाचे बी कोणत्या झाडाखालचे, किती जुने, हे मात्र कोणालाही सांगावे लागत नाही.

मुळांकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. प्लॅस्टिकच्या पिशवीत सोटमूळ तळाशी पोहोचले की गोल फिरू लागते आणि जमिनीत लावल्यावरही ती गुंडाळी सुटत नाही. मोहासारख्या खोल मुळाच्या झाडाला हे फार भोवते. १९९०च्या दशकात महाराष्ट्रात रूट ट्रेनर, म्हणजे मूळ सरळ वाढवणारे रोपांचे साचे, आले. आतून उभ्या कडा, खाली भोक आणि मातीऐवजी कंपोस्ट, त्यामुळे मूळ सरळ खाली जाते आणि हवा लागली की तिथेच थांबते. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर आणखी पुढचा प्रयोग केला. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी (प्रेसमड) घालून, मुळांशी जगणारी बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू रोपांना देऊन, जिथे गवतही धड येत नव्हते तिथे झाडे उभी केली. नुसती उगवण मोजून भागत नाही, रोप मुळाशी काय घेऊन जमिनीत जाते तेही पाहावे लागते, हे त्या कामाने डोळ्यांसमोर आणले.

२०१६ मध्ये राज्याने एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम घेतला. २०१७ साठी ४ कोटी, २०१८ साठी १३ कोटी आणि २०१९ साठी ३३ कोटी अशी लक्ष्ये ठरली. एवढी रोपे ठरल्या तारखेला हवीत म्हटल्यावर, जी झाडे वेळेत तयार होतात तीच लावली जाणार. मोहाचे बी जुलैत पेरले तर लावण्याजोगे रोप पुढच्या पावसाळ्यात मिळते. मधल्या मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की ग्रीन नेटखालीही त्याला रोज पाणी लागते आणि त्या पाण्याचा व मजुरीचा खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो. त्याची तरतूद पेरणीच्याच वेळी मंजूर झाली, तर मोहाची रोपे याच वाफ्यांवर, याच मजुरांच्या हातून तयार होतील.