सोलरच्या पाण्याला यूपीव्हीसी की सीपीव्हीसी?

या दोन पाइपांच्या नावात एका अक्षराचा फरक, दुकानात दोन्ही शेजारी, आणि यूपीव्हीसी स्वस्त. म्हणून सोलर वॉटर हीटर बसवताना घोळ होतो.

दोन्ही मुळात पीव्हीसी या प्लास्टिकचेच. साध्या पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. तो आणखी चढवून ६३ टक्क्यांच्या वर नेला की सीपीव्हीसी तयार होतं, आणि या जादा क्लोरीनमुळे ते उष्णता सोसतं. यूपीव्हीसीतला ‘यू’ एवढंच सांगतो की मऊ करणारं द्रव्य घातलेलं नाही. पाइप हाताला कडक लागतो म्हणून तो गरम पाणी सोसेल, असं मुळीच नाही. तो ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतं. एप्रिलमध्ये घर दोन दिवस बंद राहिलं तर सोलरच्या टाकीतलं पाणी सहज ७०-८० अंशांवर जातं. तेवढ्या उष्णतेत यूपीव्हीसी मऊ पडतं, झोळ येतो, सांधे गळू लागतात.

मला खरी काळजी वाटते ती ‘थंड’ लाइनची. गरम लाइनला सीपीव्हीसी हवं हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण सोलरला थंड पाणी देणारा पाइप बिनदिक्कत यूपीव्हीसीचा टाकतात. पाण्याचा वापर नसताना टाकीतली उष्णता त्या पाइपातही मागे सरकते. त्यामुळे टाकीजवळचा तुकडा तरी जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) किंवा सीपीव्हीसीचाच घ्यावा. बाथरूममधल्या मिक्सरमधूनही गरम पाणी थंड लाइनीत शिरू शकतं. तिथे पाणी उलटं न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा.

सीपीव्हीसीलाही मर्यादा आहेत. कलेक्टर (उन्हात पाणी तापवणारा भाग) आणि टाकी यांच्यामधला जोड, तसंच टाकीवरचा हवेचा पाइप धातूचाच असावा, कारण तिथे वाफ येऊ शकते. शिवाय सीपीव्हीसी तापल्यावर लांबतं: १० मीटरचा पाइप ५० अंशांनी तापला की तीनेक सेंटीमीटर. म्हणून क्लॅम्प करकचून आवळू नयेत, आणि लांब सरळ लाइनीत एखादं वळण ठेवावं.

विकत घेताना नुसता पिवळट रंग पाहू नका, पाइपवरचा भारतीय मानकाचा (आयएस) छाप वाचा: सीपीव्हीसीवर आयएस १५७७८, यूपीव्हीसीवर आयएस ४९८५. एसडीआर म्हणजे पाइपचा व्यास त्याच्या भिंतीच्या जाडीच्या किती पट आहे तो आकडा, म्हणून एसडीआर ११ हा १३.५ पेक्षा जाड; गरम लाइनीला मी तोच घेईन. सांधे चिकटवायच्या सोल्युशनचा डबाही सीपीव्हीसीचाच मागा, साध्या पीव्हीसीचा चालत नाही. गच्चीवरच्या उघड्या पाइपला इन्सुलेशन चढवा. ते शक्य नसेल तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग द्या, ऑइल पेंट नको.