अडतीस किलोंची ओढ

रिमोटवरचे हेलिकॉप्टर म्हटले की जत्रेत मिळणारे, तळहाताएवढे, एकावर एक दोन पंख्यांचे प्लास्टिकचे खेळणे आठवते. ते डोक्यावर आपटले तरी फारसे बिघडत नाही. त्याच भरवशावर कोणी ‘450 वर्गा’चे (हे आकारगटाचे नाव) मॉडेल अंगणात उडवायला निघाला, तर त्याला आधी पुढची आकडेमोड दाखवावी.

या मॉडेलचे वजन जेमतेम पाऊण किलो. पाती दोन, कार्बन फायबरची, प्रत्येकी 325 मिमी. मिनिटाला 2600 फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी 340 किमीच्या आसपास जातो. गोफणीतला दगड जसा हात ओढतो, तसेच पाते मधल्या दांड्याला ओढते. किती जोराने? वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. पाते 28 ग्रॅमचे, त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून 18 सेमीवर, कोनीय वेग सेकंदाला 272 रेडियन. उत्तर सुमारे 373 न्यूटन, म्हणजे 38 किलो वजन टांगल्याइतकी ओढ. फेरे दहा टक्के वाढवले की ओढ एकवीस टक्के वाढते, कारण वेगाचा वर्ग होतो.

खरी गंमत पुढे आहे. एवढी ओढ सोसत असतानाच पात्याला आपला कोनही बदलायचा असतो, तोही प्रत्येक फेऱ्यात, म्हणजे सेकंदाला 43 वेळा. पाते धरणारी पकड एका बारीक आडव्या दांड्याभोवती (फेदरिंग शाफ्ट) किंचित पुढेमागे फिरते आणि दांड्याच्या टोकाचा स्क्रू तिला बाहेर निसटू देत नाही. साधे बेअरिंग दांड्याच्या लांबीच्या दिशेने बसणारी अशी ओढ फार काळ पेलत नाही, म्हणून पकडीत थ्रस्ट बेअरिंग बसवतात: दोन चकत्या आणि मध्ये छर्रे. चकत्या दिसायला सारख्या, पण एकीचे भोक केसभर मोठे असते. मोठ्या भोकाची चकती आत, रोटरच्या मध्याकडे. लहान भोकाची बाहेर, स्क्रूकडे. आतली चकती पकडीबरोबर फिरते, तिने दांड्याला शिवता कामा नये. बाहेरची दांड्याबरोबर स्थिर राहते. उलटे बसवले की फिरणारी चकती दांड्यावर घासते, पकड जड होते, सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटारी) कण्हू लागतात आणि दांडा झिजतो. जोडताना ग्रीस विसरू नये, स्क्रूला निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावावे. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र ते लावायचे नाही.

पाते जमिनीला लागले की हा आडवा दांडा वाकला असे धरूनच चालावे. काढून काचेवर घरंगळवा. मध्ये उजेडाची फट दिसली तर फेका, ठोकून सरळ करू नका. चीर गेलेले पाते झटपट गोंदाने चिकटवणे तर त्याहून वाईट. टोकाचा एक ग्रॅम तुकडा उडाला तरी अडीच किलोंहून जास्त असमतोल ओढ तयार होते आणि सगळी चौकट थरथरते. नव्या मॉडेलला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी त्या लिंबाचे वजनही हिशेबात धरावे. आपटल्यावर ‘नजर लागली’ किंवा ‘सिग्नल गेला’ हे ठरलेलेच. क्रिस्टलवाल्या रिमोटच्या काळात दोघांचा चॅनेल एक झाला की खरेच घोळ व्हायचा. आजच्या 2.4 गिगाहर्ट्‌झच्या संचात आधी सैल झालेली लिंक (सर्व्होला पात्याच्या पकडीशी जोडणारी काडी) शोधावी.

पात्याचा बोल्ट करकचून आवळायचा नसतो. मॉडेल आडवे धरले तर पाती स्वतःच्या वजनाने लोंबू नयेत, पण हलका हिसका देताच झुकावीत. फिरताना ओढच त्यांना सरळ रेषेत आणते.

उडवताना क्रम चुकवू नये. आधी रिमोट सुरू, थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारे बटण) लावलेला, मगच बॅटरी जोडा. जायरो (मॉडेलचे वळणे ओळखणारा सेन्सर) स्थिर होईपर्यंत मॉडेलला हात लावू नका. मग नाक हाताने वळवून पाहा: शेपटीचा सर्व्हो त्या वळण्याला विरोध करतो ना? उलट चालला तर मॉडेल जमिनीवरून सुटताच भोवऱ्यासारखे गरगरेल. किमान दहा मीटर मागे जाऊन होल्ड काढा. सरळ खाली, भराभर उतरवू नका; स्वतःच ढकललेल्या हवेत सापडून ते धोंड्यासारखे पडते. तसे झालेच तर पुढे न्या.

तीन सेलची 2200 एमएएचची लिपो बॅटरी 2.2 अँपिअरने, समोर बसून चार्ज करावी आणि उडवताना 20 टक्के चार्ज उरेल असा टायमर लावावा. आठवडाभर उडवायचे नसेल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नका. उतरल्यावर होल्ड लावून पाती पूर्ण थांबू द्या, मग आधी बॅटरी काढा आणि रिमोट सगळ्यात शेवटी बंद करा.