पहिल्या आठवड्याचे गुण आणि ‘पुढचा सुपरस्टार’

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, एखाद्या नवख्याने पहिल्या आठवड्यात गुणांचा धडाका लावला की ‘हाच पुढचा सुपरस्टार’ हे ठरूनच जातं. हा समज जुना आहे, आणि चुकीचा.

मायकल कार्टर-विल्यम्सचं पाहा. ऑक्टोबर 2013, फिलाडेल्फियाकडून पहिलाच सामना, समोर गतविजेता मायामी: 22 गुण, 12 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास), 7 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), 9 स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू)! मोसमाची सरासरी 16.7 गुण, सर्वोत्तम नवोदिताचा किताबही त्यालाच. पण त्याचे जेमतेम 40 टक्के शॉट बास्केटमध्ये जात होते, थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) तर चारांत एक. त्यात संघ लीगमध्ये सर्वांत वेगवान खेळणारा, म्हणजे चेंडू हातात येण्याच्या संधी जास्त. आणि 63 सामने हरलेल्या त्या संघात शॉट घ्यायला दुसरं होतं तरी कोण? गुण फुगणारच.

म्हणून दर 100 पझेशनमागचे (पझेशन म्हणजे संघाकडे चेंडू असण्याची एक पाळी) गुण आणि शॉटची अचूकता पाहावी. थ्री-पॉइंटची टक्केवारी मात्र पाच-दहा सामन्यांवरून सांगूच नये. तिथे नशिबाचा वाटा मोठा.

फेब्रुवारी 2015 मध्ये फिलाडेल्फियाने कार्टर-विल्यम्सला दुसऱ्या संघाकडे धाडलं. उलट स्टीव्ह नॅश: पहिल्या मोसमात सरासरी 3.3 गुण, आणि 2005 व 2006 चा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) तोच.