आरसी कारची बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करायची का?

नवीन आरसी कार, म्हणजे रिमोटवर चालणारी गाडी, घेतली की हा सल्ला हमखास मिळतो: "गाडी पूर्ण बंद पडेपर्यंत चालवा, मगच चार्जिंगला लावा, नाहीतर बॅटरी खराब होते."

हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्यास त्यांची क्षमता घटते, असा अनुभव होता. त्यामुळे तो अगदीच निराधार नव्हता. हल्लीच्या बऱ्याच आरसी गाड्यांत असलेल्या लिपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीला मात्र तो लागू होत नाही. उलट तो पाळला तर ती लवकर मरते.

लिपोचा एक सेल (बॅटरी अशा एक किंवा अनेक सेलची बनते) पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट दाखवतो. 3 व्होल्टच्या खाली गेला की आत कायमचं नुकसान सुरू होतं, आणि पुढे बॅटरी फुगू शकते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, आग लागू शकते.

स्वतः तपासायचं तर साधा मल्टिमीटर पुरे. दोन सेलच्या बॅटरीला तीन तारांचा छोटा पांढरा कनेक्टर असतो. काळी आणि मधली तार मोजली की पहिला सेल, मधली आणि शेवटची मोजली की दुसरा. मल्टिमीटरच्या पिना एकमेकींना टेकू देऊ नका. प्रत्येक सेल साधारण 3.5 व्होल्टवर आला की थांबलेलं बरं.

गाडीच्या स्पीड कंट्रोलरमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागात) बहुधा लिपो मोड असतो; व्होल्टेज फार खाली जाण्याआधी तो मोटरची वीज कमी किंवा बंद करतो. तो चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी माहितीपुस्तिकेत बघून घ्या. आणि गाडी आठवडाभर ठेवून द्यायची असेल तर सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा. चार्जरवर त्यासाठी 'स्टोरेज' पर्याय असतो.