बियाला कोणतं फळ सोडायचं?

आमच्या ग्राहकांसाठी, घरच्या बियाण्याविषयी

मृगाच्या तोंडावर दुकानात गर्दी असते तेव्हा हा प्रश्न हमखास येतो: "मागच्या वर्षी तुमच्याकडूनच भेंडी नेली होती. तिचंच बी धरलं तर चालेल का?" बी विकणारा यावर 'नाही'च म्हणणार, असं विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आम्ही म्हणतो, आधी पुडी दाखवा.

पुडीवर 'संकरित' किंवा 'एफ-१' (म्हणजे दोन वाणांच्या संकरातून आलेलं) छापलेलं असेल तर त्या भानगडीत पडू नका. बी उगवेल, पण मूळ वाणांचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात आणि दहा झाडं दहा तऱ्हेची निघतात. टोमॅटोतलं 'अर्का रक्षक' असं संकरित आहे. 'सरळ वाण' (ज्याच्या बियातून तसंच झाड येतं) असेल तर मात्र खुशाल धरा: भेंडीची 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका', टोमॅटोचं 'पुसा रुबी', 'मांजरी गोटा' वांगं. गावाहून पदराच्या गाठीत आलेला वाल तर धराच, तो आमच्याकडे मिळणार नाही.

आता मुख्य गोष्ट. बहुतेकांचं बी कुठे बिघडतं, तर निवडीत. भाजी खाऊन होते, झाड पिवळं पडतं, आणि पानाआड नजरचुकीने राहिलेली एक जून भेंडी सापडते. मग तीच बियाला! थकलेल्या झाडाचं ते शेवटचं फळ, दाणे अर्धे पोचट. निवड आधी झाडाची करायची, मग फळाची. केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग) पडलेलं झाड बाद. निरोगी, लवकर फळाला आलेली दोन-तीन झाडं हेरा आणि बहर भरात असताना त्यांच्यावरचं एकेक चांगलं फळ सोडा. देठाला लाल दोरा बांधा, नाहीतर घरातलं कोणीतरी ते भाजीला तोडणार. आमच्याकडे हे दोनदा झालं आहे.

भाजीला तयार झालेलं फळ बियाला अजून कोवळंच असतं. वांगं पिवळं पडू द्या, काकडी पिवळीजर्द होऊ द्या, दोडका वेलावरच वाळून खुळखुळू द्या. तेवढे दिवस त्या झाडाची बाकीची फळं कमी येतात, ते सोसायचं.

शेजारी काय लावलंय तेही बघा. टोमॅटो, वाल, घेवडा, चवळी यांचं परागीकरण बहुधा त्यांच्याच फुलात उरकतं, म्हणून नवख्याने इथून सुरुवात करावी. मिरचीत मधमाश्या ढवळाढवळ करतात; ढोबळी आणि लवंगी शेजारी असतील तर पुढच्या वर्षीची ढोबळी जाळ निघू शकते. वेलवर्गात दुधी आणि लाल भोपळा एकमेकांत मिसळत नाहीत, पण दोन जातींचे दुधी मिसळतात. त्यावर उपाय म्हणजे हाताने परागीकरण. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून दुपारीच मादी कळीवर (जिच्याखाली इवलासा दुधी असतो ती) मलमलची पिशवी बांधायची. नर कळीवरही एक बांधा. फुलं उमलली की नर फूल मादीवर फिरवून पिशवी पुन्हा दोन दिवस बांधून ठेवा. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, त्याची तयारी आदल्या संध्याकाळी.

दुधी, काकडी वा दोडका कडू लागला तर थुंकून टाका. त्या वेलाचं बी नको आणि भाजीही नको. कडू दुधीचा रस विषारी असतो.

टोमॅटोचं बी गरासकट वाटीत काढून थोडं पाणी घाला, वर फडकं बांधा. दोन-तीन दिवसांत वर पांढरट साय धरते आणि वास येतो, म्हणून वाटी स्वयंपाकघरात ठेवू नका. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखतं, ते या आंबण्याने सुटतं. मग भरपूर पाण्यात चोळून धुवा. तरंगतं ते फेका, तळाशी बसतं ते ताटलीत सुकवा. कागदावर सुकवलं तर चिकटून बसतं.

कोणतंही बी सावलीत, वाऱ्यावर वाळवा. भोपळ्याचं बी वाकवल्यावर कट्कन मोडलं पाहिजे. वालाच्या दाण्यावर दाताचा ठसा उमटला तर अजून ओल आहे. बरणीत तळाला कोरडे भाजून गार केलेले तांदूळ पुरचुंडीत ठेवा, ते दमटपणा ओढून घेतात. कोकणातल्या ग्राहकांनी हे चुकवू नये.

चवळी-वालाला भुंगेरा लागतो. त्याची अंडी अनेकदा शेंग झाडावर असतानाच घातलेली असतात, त्यामुळे नुसतं घट्ट झाकण पुरत नाही. जुन्या बायका चाळलेल्या राखेत दाणे घोळवत, ते आजही चालतं. किंवा पूर्ण वाळलेले दाणे बंद बरणीत घालून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडू नका, दाण्यांना पाणी सुटेल.

कांद्याचं बी वर्षभरात वापरा. भेंडी-मिरची दोनेक वर्षं टिकते, टोमॅटो-काकडी चारेक. पेरणीआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. सात-आठांना मोड आले तर उत्तम, पाचांना आले तर दाट पेरा, त्याहून कमी असतील तर आमच्याकडे या.

आणि बरणीवर नाव व तारीख लिहा. तिखट मिरची आणि ढोबळीचं बी आम्हालाही नुसतं बघून ओळखता येत नाही.