घरी बिअर करायचीय? गॅस बंद केल्यानंतर जे लागतं त्यावर पैसे घाला

दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतलं कुणीतरी विचारतं, तुझ्याकडची बिअर आवडली, आम्हालाही करून बघायचीय, काय काय घेऊ? आणि सोबत एका चकचकीत स्टीलच्या केटलचा, म्हणजे बिअर उकळायच्या मोठ्या भांड्याचा, फोटो येतो, खाली नळ, बाजूला थर्मामीटर, आणि किंमत अशी की तेवढ्यात घरी सगळ्यांसाठी विमानाची तिकिटं येतील असं वाटावं. मी प्रत्येक वेळी एकच सांगते, केटल आत्ता नको. तेच पैसे उकळून झाल्यानंतर जे लागतं त्यावर घाला. हे मी का म्हणते ते नीट समजलं ना, की सामानाची यादी पाठ करायची गरजच राहत नाही, दुकानात उभं राहून आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. मी राहते अमेरिकेत, ओहायोत. इथे १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर करायला परवानगी मिळाली, एका सज्ञान माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोघं किंवा जास्त असतील तर २००, पण विकायची नाही. अलाबामा आणि मिसिसिपीत तर २०१३ पर्यंत बंदीच होती. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय अशी दारू बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांनी हे विज्ञान म्हणूनच वाचा. जिथे परवानगी आहे तिथल्यांसाठी पुढचं.

बिअर आपण करत नाही, यीस्ट करतं. आपण फक्त माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी उकळतो, त्यात हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू फुलं, टाकतो, गार करतो आणि यीस्टच्या हवाली करतो. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. बिअर करणारे लोक सगळ्या कामाचे दोन भाग पाडतात, हॉट साइड आणि कोल्ड साइड. हॉट साइडला सगळं उकळतंय, तिथे जंतू टिकत नाहीत, भांडं साधं असलं, थोडं वाकडं असलं, तरी बिअरला फरक पडत नाही. एकदा का वर्ट गार झाला, की तो म्हणजे कुणीही येऊन जेवावं असं उघडं ताट. तिथून पुढे ज्या ज्या वस्तूचा त्याला स्पर्श होतो ती प्रत्येक वस्तू चव ठरवते.

तर हॉट साइड पटकन उरकू. सुरुवात माल्ट एक्स्ट्रॅक्टने, म्हणजे माल्टच्या तयार अर्काने करा, म्हणजे धान्य ६५ ते ६८ अंशांवर तासभर धरून स्टार्चची साखर करायचं काम आधीच कुणीतरी करून दिलेलं असतं. २० लिटरचा एक टोप पुरतो, बऱ्याच घरात तो लग्नकार्याच्या किंवा गणपतीच्या स्वयंपाकासाठी आणलेला असतोच. त्यात १०-१२ लिटर पाणी उकळायचं, एक्स्ट्रॅक्ट घालताना गॅस बंद करायचा नाहीतर तळाला लागतं आणि करपट वास शेवटपर्यंत जात नाही, मग तासभर उकळायचं, आणि शेवटी बाकीचं गार पाणी फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, घालून १९ लिटर म्हणजे ५ गॅलन पुरे करायचे. झाकण ठेवू नका. माल्टमधल्या एका द्रव्यापासून उकळताना डायमिथाइल सल्फाइड तयार होतं, उकडलेल्या मक्यासारखा वास असतो त्याला, तो वाफेबरोबर निघून गेला पाहिजे, झाकण असलं की वाफ थेंब होऊन परत आत पडते. आणि पहिली उकळी येताना बाजूलाच उभे राहा, दुधासारखंच हेही क्षणात उतू जातं, कारणही जवळपास तेच, प्रोटीनचा फेस.

पाण्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. इथे बऱ्याच शहरांत नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, ते क्लोरीनसारखं उकळून सहज उडत नाही, आणि माल्टमधल्या फेनॉलशी जुळून औषधाच्या पट्टीसारखी चव देतं. कॅम्पडेन नावाची गोळी मिळते, १९ लिटरला पाव गोळी चुरून टाकली की काम झालं. सगळ्यात स्वस्त आणि तरी फार उपयोगी खरेदी म्हणजे ही.

गार करायला तांब्याची गुंडाळी मिळते, आतून नळाचं पाणी फिरतं. १०-१२ लिटरसाठी ती लागत नाही, सिंकमध्ये बर्फ आणि पाणी घालून टोप त्यात ठेवला की अर्ध्या-पाऊण तासात गार होतो. पुढे पूर्ण १९ लिटर एकदम उकळायला लागलात की मात्र गुंडाळी घ्या.

आता खरं काम. एकंदर सामानात मी पहिला क्रमांक देते तो सॅनिटायझरला, आणि इथे बहुतेक जण गोंधळतात कारण स्वच्छ करणं आणि सॅनिटाइझ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यासाठी दोन वेगळ्या वस्तू लागतात. आधी चिकटलेला थर काढायचा, त्याला सोडियम परकार्बोनेटची पावडर कोमट पाण्यात चांगली, फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला ती लावू नका, काळं पडतं. थर निघाला की मग जंतू मारायचे, त्यासाठी स्टार सॅनसारखं फॉस्फोरिक आम्लाचं मिश्रण, १९ लिटर पाण्यात ३० मिली, एक-दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं, धुवायचं नाही. फेस राहतो, राहू दे, त्याने काही बिघडत नाही. थर तसाच ठेवून वरून सॅनिटायझर ओतला तर त्या थराच्या आत जंतू मजेत राहतात.

हे मी इतकं का सांगतेय, तर माझी तिसरी बॅच आंबट झाली होती. हॉप्स अगदी कमी असलेली गव्हाची बिअर होती, आणि गार झालेला वर्ट मी गाळला तो श्रीखंडाचा चक्का ज्या चाळणीत टांगते त्याच चाळणीतून. दिसायला लखलखीत होती, पण जाळीच्या कडेला दह्याचे जिवाणू होतेच. विरजण कसं लागतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको, चमचाभर पुरतं. हॉप्समधली कडू आम्लं या लॅक्टोबॅसिलस मंडळींना बऱ्यापैकी रोखतात, म्हणून कडू बिअर कदाचित वाचली असती, या बिअरला ते कवच नव्हतं. १९ लिटर सिंकमध्ये ओतताना रडू आलं होतं. तेव्हापासून बिअरची चाळणी, चमचा, नळी सगळं वेगळं, वेगळ्या डब्यात, आणि दही लावायच्या दिवशी बिअर नाही.

यीस्ट टाकल्यावर पहिले बारा-पंधरा तास सगळ्यात धोक्याचे. यीस्ट अजून जागं होतंय, वर्टचा पीएच पाचच्या वर आहे (पीएच जितका कमी तितका आंबटपणा जास्त), अल्कोहोल शून्य, म्हणजे बाहेरच्यांना मैदान मोकळं. एकदा यीस्टने जोर धरला की पीएच साडेचारच्या खाली जातो, अल्कोहोल तयार होतं, आणि मग दुसऱ्या कुणाला शिरकाव करणं कठीण. म्हणून यीस्टमध्ये काटकसर करू नका, ११ ग्रॅमची कोरड्या यीस्टची पुडी घ्या, तीत अब्जावधी पेशी असतात, त्या संख्येच्या जोरावरच जिंकतात. अशी एकाच जातीची शुद्ध पुडी मिळते याचं श्रेय कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिश्चन हान्सेन यांना, १८८३ साली त्यांनी एका पेशीपासून यीस्ट वाढवून दाखवलं, त्याआधी प्रत्येक ब्रुअरी मिश्र कळपावर आणि नशिबावर चालायची.

फर्मेंटर म्हणून फूड-ग्रेड प्लॅस्टिकची साडेसहा गॅलनची बादली घ्या, झाकणाला एअरलॉकचं (गॅस बाहेर सोडणारी छोटी वस्तू, पुढे सांगते) भोक असलेली. १९ लिटरला २५ लिटरची बादली का, तर वर फेसाचा जाड थर येतो, त्याला जागा हवी. काचेचा कारबॉय, म्हणजे अरुंद तोंडाची मोठी बाटली, फार सुंदर दिसतो, आत काय चाललंय ते दिसतं, पण भरल्यावर तीस किलोच्या आसपास, ओल्या हाताने निसटला की फुटतो आणि लोकांच्या हातापायांना गंभीर जखमा झालेल्या आहेत. माझं मत स्पष्ट आहे, घरात लहान मूल असेल तर काच आणूच नका. प्लॅस्टिकमधून थोडा ऑक्सिजन आत येतो हे खरं, पण दोन-तीन आठवड्यांत त्याने काही होत नाही. प्लॅस्टिकचा खरा शत्रू ओरखडा आहे, आत जंतू लपतात, तिथे सॅनिटायझर पोचत नाही, म्हणून घासणी कधीच नाही, फक्त मऊ कापड.

एअरलॉक ही छोटीशी वस्तू, गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. गॅस किती जातो याचा हिशोब मी एकदा मांडला तेव्हा चकितच झाले. यीस्ट साखर खातं तेव्हा तिचं जवळजवळ निम्मं वजन अल्कोहोल होतं आणि निम्मं कार्बन डायऑक्साइड. मध्यम ताकदीच्या १९ लिटर बिअरमध्ये साधारण दीड किलो साखर खाल्ली जाते, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास वायू, आणि आकारमानात जवळपास ४०० लिटर! एवढा सगळा त्या बोटभर नळीतून. म्हणून फेसाने एअरलॉक चोंदला तर झाकण उडून छतापर्यंत जातं. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बरणीत बुडवून ठेवा. आई इथे आली होती तेव्हा त्या बरणीतले बुडबुडे बघून म्हणाली, अगं हे तर आंबोळीच्या पिठासारखं फुगतंय की. बरोबरच होतं तिचं, तिथेही हाच गॅस.

आता तापमान, आणि माझ्या मते चांगली बिअर आणि बरी बिअर यातला सगळ्यात मोठा फरक इथे आहे. एल, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाजवळ आंबणारी बिअर, तिच्या यीस्टला १८ ते २० अंश आवडतात. साखर खाताना ते उष्णता सोडतं, खोलीपेक्षा बादली आतून ३ ते ५ अंशांनी जास्त गरम असू शकते, म्हणजे खोली २४ वर असली तर यीस्ट २८ वर राबतंय. अशा वेळी ते जड अल्कोहोलं बनवतं, थिनरसारखा वास येतो. माझी पहिली बॅच जुलैमधली, वरच्या मजल्यावर ठेवलेली, अगदी अशीच झाली. तेव्हा आठवला घरचा माठ. पाणी बाष्प होताना उष्णता ओढून घेतं, तेच इथे करायचं. मोठ्या टबमध्ये बादली ठेवा, टबात वीतभर पाणी, बादलीला जुना सुती टी-शर्ट घाला ज्याची कड पाण्यात बुडेल, समोर पंखा लावा. हवा कोरडी असेल तर तीन-चार अंश आरामात उतरतात, दमट दिवसात मात्र माठासारखाच हाही हात टेकतो, मग टबात बर्फाच्या बाटल्या टाकायच्या, सकाळी दोन, रात्री दोन. तळघर असेल तर प्रश्नच मिटला. लागर, म्हणजे थंडीत आंबणारी बिअर, मात्र सुरुवातीला करू नका, तिला ८ ते १३ अंश लागतात, त्यासाठी जुना फ्रिज आणि त्यावर तापमान नियंत्रक हवा. बादलीला चिकटवायची थर्मामीटरची पट्टी मिळते ती घ्याच, खोलीचं नाही, बादलीचं तापमान बघायचं असतं. जेम्स जूल, ज्याच्या नावाने आपण उष्णतेचं एकक शिकलो, तो ब्रुअरी चालवणाऱ्या घरातला, आणि अंशाच्या बारीक भागांपर्यंत तापमान मोजायची त्याची सवय मला म्हणूनच अजिबात नवलाची वाटत नाही.

हायड्रोमीटर घ्या, दोन घ्या, कारण एक फुटणारच. साखर विरघळली की पाणी जड होतं, ही आकडे कोरलेली काचेची नळी वर तरंगते, साखर संपत गेली की ती खाली बुडत जाते. सुरुवातीला १.०५० (म्हणजे पाण्याच्या १.०५ पट जड) आणि शेवटी १.०१२ आलं तर फरकाला १३१ ने गुणा, साधारण ५ टक्के अल्कोहोल. पण टक्केवारीपेक्षा हायड्रोमीटरचं महत्त्वाचं काम म्हणजे संपलं की नाही ते सांगणं. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे संपलं असं नसतं, झाकण सैल असलं तरी थांबतात. दोन-तीन दिवस लागोपाठ तोच आकडा आला तरच बाटल्या भरा. साखर उरलेली असताना बाटली बंद केली तर आतला दाब वाढत वाढत काच फुटते, आणि हा खरंच धोका आहे.

बाटल्या भरायला ऑटो-सायफन (बिअर ओढून घेणारा छोटा हातपंप), नळी, टोकाला स्प्रिंगची झडप असलेली कांडी, आणि बुच बसवायचा कॅपर. बिअर हळू, खळखळाट न करता उतरवा, आता तिला ऑक्सिजन नको, नाहीतर महिन्याभराने ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. बाटल्या विकत घेऊ नका, मित्रांना सांगून ठेवा, ३५५ मिलीच्या पन्नास-एक लागतात, फक्त पीळ देऊन उघडणाऱ्या नकोत, त्यावर बुच नीट बसत नाही. आणि तपकिरीच हव्यात, हिरव्या किंवा पारदर्शक नकोत, कारण हॉप्समधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की गंधकाचं असं काही तयार होतं की नाक मुरडावं.

भरताना १९ लिटरला ११५ ते १४० ग्रॅम कॉर्न शुगर, दोन कप पाण्यात उकळून, बिअरमध्ये सारखी मिसळेल अशी. डोळ्याने अंदाज नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि बंद बाटलीत वायू विरघळतो. बाटल्या झाकणाच्या खोक्यात, अंधारात, २० अंशांच्या आसपास दोन आठवडे. पहिली बाटली उघडायच्या आदल्या दिवशी सकाळीच फ्रिजमध्ये टाका, घाईने तासभर नाही, कारण बुचाखालच्या जागेतला वायू गार बिअरमध्ये सावकाश मुरतो, आणि ओतताना तळाशी बसलेलं पांढरं यीस्ट बाटलीतच राहू द्या.